परदेशातली भाचरं दत्तक घेऊन सोलापुरात आणताना : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

परदेशात वाढणारं मूल दत्तक घ्यायचं ठरलं की नातेवाइकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो. "आधी पोरांना घेऊन या, कागदाचं मागनं बघू." सल्ला मायेपोटी असतो, म्हणून पटकन पटतोही. पण या कामात क्रम उलटा झाला की मूल टुरिस्ट व्हिसावर इथं अडकून बसतं. तिथल्या कायद्याने ते अजून तुमचं झालेलं नसतं, इथल्या कायद्याने तर नसतंच, आणि व्हिसाची मुदत संपत आलेली असते. शाळा नाही, आधार कार्ड नाही, परत पाठवायचं तर सोबत कोण जाणार हेही ठाऊक नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातला बराचसा भाग कामांच्या क्रमाबद्दलच आहे.

आमच्याबद्दल थोडक्यात. मी शाळेत शिकवते, ह्यांचा एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ह्यांची सख्खी बहीण आणि तिचे यजमान परदेशात स्थायिक होते. ते दोघं गेल्यावर त्यांची दोन मुलं मागे राहिली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. आम्ही त्यांचे मामा-मामी. मुलांची नावं आणि त्यांचा देश मी लिहिणार नाही. ती गोष्ट त्यांची आहे, कुणाला सांगायची ते मोठी झाल्यावर त्यांनी ठरवावं. तो देश हेग करारातला, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातला आहे, एवढं मात्र सांगायला हवं, कारण पुढची सगळी वाट त्यावरून ठरते.

नात्यातलं मूल नसेल तर

हा लेख नात्यातलं मूल दत्तक घेणाऱ्यांसाठी आहे. पण "इथली यादी हलत नाही, परदेशातून लवकर मिळेल का?" असंही लोक विचारतात, म्हणून आधी त्याबद्दल. भारतात दत्तकाचं काम 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण पाहतं. २०२४-२५ मध्ये कारामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. तान्ह्या, निरोगी बाळासाठी अनेक वर्षं थांबावं लागतं हे खरं. परदेश हा त्यावरचा जवळचा रस्ता मात्र नाही. हेग कराराचं तत्त्व असं, की मुलाला आधी त्याच्याच देशात घर शोधायचं आणि तिथं मिळालं नाही तरच देशाबाहेरचा विचार करायचा. त्यामुळे या मार्गाने जी मुलं येतात ती बहुतेक मोठी असतात, भावंडांसकट असतात किंवा त्यांना उपचारांची गरज असते. शिवाय बरीच दारं आता बंद झाली आहेत. ग्वाटेमालाने २००८ मध्ये, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं. चीनने २०२४ मध्ये जवळच्या रक्ताच्या नात्यातली आणि सावत्र मुलं वगळता ते बंद केलं. इस्लामी कौटुंबिक कायदा असलेल्या बऱ्याच देशांत आपल्या अर्थाचं दत्तक नसतंच, फक्त सांभाळाची जबाबदारी मिळते. आखातात नोकरी करणाऱ्या सोलापूरकरांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

नातं कायद्यात बसतं का, ते पाहा

बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये दत्तकापुरती नातेवाइकाची व्याख्या दिली आहे. काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. एवढेच. चुलत बहिणीची मुलगी घरात कितीही लाडाची असली तरी या व्याख्येत येत नाही. आम्ही मामा-मामी म्हणून बसलो. तुम्ही बसत नसाल तर नात्याच्या वाटेवर वेळ घालवू नका.

मग घरातलेच विचारतात, आपलीच भाचरं, तर दत्तक कशाला? पालक म्हणून नेमून घेतलं की झालं. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्व मिळतं, नाही असं नाही. पण ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच असतं. त्याने मूल तुमचं अपत्य होत नाही, आपोआप वारस होत नाही आणि भारतीय आईबापाचं मूल म्हणून नागरिकत्व मागता येत नाही. काही घरांत पालकत्व पुरेसं असतं, विशेषतः मूल सोळा-सतरा वर्षांचं असेल तर. आमची दोघं लहान होती, म्हणून दत्तक.

इथं एक मोह होतो. वकिलाकडून दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाकायचं. गावातल्या गावात, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ खाली हे चालत आलंय, त्यामुळे सगळ्यांना ओळखीचं वाटतं. पण परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलाला देशात आणायला नुसतं इथलं दत्तकपत्र कामी येत नाही. वकिलातीला तिथल्या कायद्याने झालेला दत्तक हुकूम लागतो आणि काराची मंजुरी लागते.

मुलं आज कोणत्या देशाची नागरिक आहेत?

हे आपण गृहीत धरतो आणि तिथंच चुकतं. मुलाचे आईवडील भारतीय पासपोर्टवर असतील आणि मुलाचा जन्म तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवलेला असेल, तर मूल भारतीय नागरिक असू शकतं. डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्यांसाठी ही नोंदणी अटीची आहे. मूल भारतीय निघालं तर व्हिसाचा प्रश्नच मिटतो, पासपोर्टचा अर्ज करायचा. म्हणून मुलांच्या घरातली कागदांची फाइल पहिल्यांदा उघडा. जन्माचे दाखले, पासपोर्ट, आईवडिलांचे जुने-नवे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मृत्यूचे दाखले, लसीकरणाचं कार्ड. सगळ्याची स्कॅन प्रत करून ठेवा. आमच्याकडे हे काम तिथल्या शेजारणीने मनापासून केलं.

त्याच वेळी मुलांच्या पैशाची चौकशीही तिथल्या वकिलाकडे करून घ्या. आईवडिलांचा विमा, पेन्शन, अनाथ मुलांना मिळणारा सरकारी भत्ता. काही देशांत दत्तक झाल्यावर यातलं काही बंद होतं, काही चालू राहतं. हे आधी माहीत असावं. पुढे भावकीत "मुलांच्या पैशासाठी केलं" असं कुणी म्हणालंच, तर लेखी उत्तर हाताशी असतं. मुलांचे पैसे मुलांच्याच नावावर, तिथल्याच कोर्टाच्या देखरेखीखाली राहू द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापुरातलं पहिलं दार

हे दार म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. इथं गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा : मूल परदेशातून भारतात येणार आहे, नात्यातलं दत्तक आहे, देश हेग करारातला आहे. कारण आपल्याकडे रुळलेली वाट उलट्या दिशेची आहे, इथलं मूल बाहेर जाण्याची. पंढरपूरला प्रार्थना समाजाने एकोणिसाव्या शतकात बालकाश्रम काढला, तेव्हापासून जिल्ह्याला दत्तक नवीन नाही. पण बाहेरून आत येणारं मूल क्वचितच कुणी पाहिलेलं असतं. काराच्या पोर्टलवरचे अर्जही मुख्यतः इथल्या मुलांसाठी आहेत. दत्तक विनियमन २०२२ मध्ये भारतीय नागरिकांनी परदेशातून मूल दत्तक घेण्याबद्दल वेगळी तरतूद आहे. तिची छापील प्रत सोबत न्या आणि नम्रपणे टेबलावर ठेवा. वाद घालण्यापेक्षा हे बरं. त्याच दिवशी काराला ईमेल करून प्रकरण कळवा आणि उत्तराची प्रत कक्षात द्या.

यानंतर येतो गृह अध्ययन अहवाल. समाजकार्यकर्ती घरी येते, तुमच्याशी वेगवेगळं आणि एकत्र बोलते. घर केवढं, उत्पन्न किती, आजार कोणते, भांडण झालं तर कोण आधी बोलतं, इथपर्यंत. धंदा असलेल्यांनी आयकर विवरणपत्रं, जीएसटी, कर्जाचे हप्ते असं सगळं लावून ठेवावं. यंत्रमागाच्या धंद्यात एक वर्ष बरं, एक वर्ष पडतं, हे लपवू नका. चढउताराचं कारण लिहून दिलं की ते समजून घेतात. तब्येतीचा दाखला सिव्हिलमधून घेतला तर पुढे कुणी शंका काढत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या पोर्टलवरून मिळतं.

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ गेला तो सासूबाईंच्या मुलाखतीत. त्यांची लेक गेलेली आणि नातवंडं येणार, दोन्ही एकाच दमात. घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना आधी समजावून सांगा की बाई तपासायला नाही, समजून घ्यायला येतेय. पण काय बोलायचं ते पढवू नका. सासूबाईंनी सरळ सांगितलं, "मला रडू येईल, पोरांसमोर आवरीन." अहवालात ते जसंच्या तसं उतरलं आणि त्याने आमचं काही बिघडलं नाही.

हा अहवाल तीन वर्षं ग्राह्य असतो. घर बदललं, कुणी दगावलं, घरात बाळ झालं तर तो नव्याने जोडून घ्यावा लागतो.

कागदांवर अपोस्टिल

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे. त्यामुळे आपले कागद त्या करारातल्या दुसऱ्या देशात चालवायचे तर वकिलातीच्या चकरा लागत नाहीत. आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जन्मदाखला आणि विवाहदाखला महापालिकेकडून ताजा, मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांतला घ्या. जुन्या हस्तलिखित दाखल्यावर स्पेलिंगचा घोळ हमखास असतो. आमच्या आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं होतं. असं असेल तर आधी राजपत्रात किंवा प्रतिज्ञापत्राने ते एक करून घ्या, मगच अपोस्टिल. मुंबईचं काम असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मंत्रालय उघडायच्या आत पोचता येतं. एजंटाला दिलं तरी चालतं, फक्त मूळ कागद कुणाच्या हातात आहेत याची पावती घ्या.

तिथलं कोर्ट आणि दिल्लीची मंजुरी

आता मुख्य भाग. हेग करारात दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणं एकमेकांशी बोलतात, आपण मध्ये फक्त कागद पुरवत राहायचं. आपल्या बाजूने कारा, त्यांच्या बाजूने त्यांचं खातं.

क्रम साधारण असा. कारा तुमचा अहवाल तिकडे पाठवते. तिकडून मुलांचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल येतो. ते पाहून कारा कराराच्या कलम ५ आणि १७ खाली मंजुरी देते. कलम ५ म्हणजे हे पालक योग्य आहेत आणि मुलाला देशात येऊ दिलं जाईल. कलम १७ म्हणजे दोन्ही देश दत्तकाला पुढे जाऊ द्यायला राजी आहेत. ही दोन पत्रं येण्याआधी तिथल्या कोर्टाचा अंतिम हुकूम घेण्याची घाई करू नका, वकील कितीही म्हणाला तरी. हुकूम आधी आणि मंजुरी नंतर झाली की दोन्ही देशांत "आता काय करायचं" असं टोलवत बसतात.

तिथल्या कोर्टात मुलांसाठी वेगळा वकील किंवा अधिकारी नेमला जातो. मुलांचं मत विचारतात, आणि विचारायलाच हवं. आमची भाची तिथल्या न्यायाधीशांना म्हणाली की सोलापूरला जायचंय, पण शाळेचं वर्ष संपल्यावर. कोर्टाने ते मानलं. मुलांच्या वडिलांकडच्या नातेवाइकांनाही नोटीस जाते. त्यांच्याशी आधीच, शक्यतो समोरासमोर बसून बोला. त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला कुणी विचारलंच नाही हा राग होता, तो भेटल्यावर गेला. एरवी हेग करारात दत्तक घेणाऱ्यांनी मुलाच्या कुटुंबाशी आधी संपर्क करायला मनाई असते, नात्यातल्या दत्तकाला त्यातून सूट आहे.

नावाचा निर्णयही इथंच होतो, कारण हुकुमात जे छापलं जाईल तेच पुढे सगळीकडे. आपल्याकडे नावाच्या मधे वडिलांचं नाव येतं. मुलांनी त्यांच्या बाबांचं नाव सोडायला नकार दिला. आम्ही नाव तसंच ठेवलं, पालकांच्या रकान्यात आमची नावं. शाळेच्या फॉर्मवर मधलं नाव आणि वडिलांचं नाव वेगळं दिसतं, कारकून विचारतात. हुकुमाची प्रत दाखवली की विषय संपतो.

हुकूम झाला की कलम २३ चं प्रमाणपत्र मागून घ्या. दत्तक कराराप्रमाणे झालं असं ते सांगतं आणि करारातल्या सगळ्या देशांत ते मान्य होतं. हुकूम आणि हे प्रमाणपत्र, दोन्हींच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या घ्या. भाषा इंग्रजी नसेल तर अधिकृत भाषांतरही तिथूनच करून आणा. ती भाषा येणारा अधिकृत भाषांतरकार सोलापुरात सापडणं कठीण.

खर्चाबद्दल एकच सांगते. फी, भाषांतर, वकील, विमान, तिथलं राहणं हे सगळं पावतीवर व्हायला हवं. "एकरकमी द्या, पोरगं हातात देतो" असं म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. मुलांची खरेदी-विक्री हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड.

व्हिसा, आणि नागरिकत्वाचा मोठा प्रश्न

परदेशी पासपोर्टवरच्या दत्तक मुलाला तिथल्या भारतीय वकिलातीकडून एंट्री व्हिसा मिळतो. दत्तक रीतसर झालंय का हे ते तपासतात. त्याशिवाय गृह मंत्रालयाच्या विदेशी विभागाची इमिग्रेशन मंजुरी लागते, तीही वकिलातीमार्फतच. दोन्ही हातात आल्यावरच तिकीट काढा.

पुढे दोन वाटा आहेत. एक, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ५(१)(घ) खाली भारतीय नागरिकाचं अल्पवयीन अपत्य म्हणून नोंदणी. अर्ज ऑनलाइन, पण तपासणी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. ही नोंदणी झाली की परदेशी पासपोर्ट ठेवता येत नाही, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरी वाट ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची, ते भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळतं. मुलांची जन्मदाती आई भारतीय होती, त्यामुळे ती पात्र ठरतात. ओसीआयवर कितीही वर्षं राहता येतं, शिकता येतं, परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आम्ही ओसीआय घेतलं. ज्या देशात आईबाप पुरलेत त्या देशाचा पासपोर्ट त्यांच्याकडून आम्ही का काढून घ्यायचा? सज्ञान झाल्यावर ती ठरवतील. ह्यांच्या मोठ्या भावाचं मत वेगळं होतं : "एकदाच भारतीय करून टाका, पुढची कटकट नको." त्यांचंही चूक नाही, विशेषतः शेतजमीन असलेल्या घरात. ओसीआय नसेल आणि व्हिसावर मुक्काम लांबणार असेल तर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी आणि मुदतवाढ वेळेत करा.

महापालिकेतून इथला जन्मदाखला "काढून देतो" म्हणणारे भेटतील. मूल इथं जन्मलेलं नाही, मग इथला दाखला खोटा. तिथला अपोस्टिल केलेला दाखला सगळीकडे चालतो.

सोलापुरात उतरल्यावर

शक्य असेल तर मुलांना एप्रिल-मेमध्ये आणू नका. पारा ४३-४४ ला जातो तेव्हा आपल्यालाही घरात बसवत नाही. आम्ही थंडीत आणलं, गड्ड्याची जत्रा तोंडावर होती, त्यामुळे सोलापूरची पहिली ओळख पाळण्यांची आणि भाग्यश्री बटाट्याची झाली, उन्हाची नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे आधीच सांगून ठेवा. धाकट्याला पाणी येण्याच्या दिवशी टाकी भरताना पाहायची फार मजा वाटायची, थोरलीला मात्र अंघोळीच्या बादलीवरून रडू आलं.

पहिल्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना लसीकरणाचं कार्ड दाखवा. बऱ्याच देशांत बीसीजी देत नाहीत, आपलं वेळापत्रक वेगळं आहे. तिखट हळूहळू. शेंगाचटणी दह्यात कालवून सुरू केली, भाकरीला वेळ लागला.

भाषेचा गोंधळ आपल्या गावात जरा जास्तच. घरात मराठी, शेजारी कन्नड, कारखान्यात तेलुगू, रिक्षात दखनी. मुलं महिनाभर गप्पच होती, तेव्हा सगळ्यांनी बोलतं करायचा चंग बांधला. मी शिक्षिका म्हणून सांगते, गप्प राहू द्या. घरात एकच भाषा सावकाश बोला आणि त्यांची स्वतःची भाषा बंद पाडू नका. रात्री दोघं भावंडं आपल्या भाषेत कुजबुजतात, ती त्यांची जागा आहे.

शाळेसाठी शिक्षणहक्क कायदा २००९ लक्षात ठेवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, मागे पडलेल्या विषयांसाठी विशेष प्रशिक्षणाची सोय आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, इंग्रजी माध्यमातही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांशी मराठीच्या सवलतीबद्दल लेखी बोलणं करून घ्या. वर्गशिक्षकांना दत्तकाबद्दल सांगा, पण 'माझे कुटुंब' सारख्या निबंधाच्या आधी सांगा, नंतर नाही.

आणि "आई म्हण" असं कुणालाही म्हणू देऊ नका. मी अजून मामी आहे. धाकटा मधूनच आई म्हणतो, थोरली कधीच नाही. बायका हळदीकुंकवाला येऊन तिच्यासमोर विचारतात, "अजून मामीच म्हणते का गं?" तेव्हा मी विषय बदलते, आणि पुन्हा विचारलं तर स्पष्ट सांगते की तिची आई आहे, भिंतीवर फोटो आहे.

नंतरची कामं

मुलांचा मूळ देश काही वर्षं पाठपुरावा अहवाल मागतो. किती आणि केव्हा, ते हुकुमात किंवा त्यांच्या प्राधिकरणाच्या पत्रात असतं. समाजकार्यकर्तीची भेट, शाळेचं प्रगतिपुस्तक, वजन-उंची, फोटो. तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा आणि आठवण यायच्या आधी पाठवा. तुमच्या मागून त्या देशातून मूल आणू पाहणाऱ्या भारतीय कुटुंबाची पत यावर ठरते.

मुलांचा परदेशी पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाला त्या देशाच्या मुंबई किंवा दिल्लीतल्या कार्यालयात जावं लागतं, तेव्हा दत्तक हुकुमाची मूळ प्रत आणि शक्यतो दोन्ही पालक लागतात. नवा पासपोर्ट आला की वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत दर वेळी त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआय पोर्टलवर चढवायचा. विशीनंतरचा पहिला पासपोर्ट मिळाला की कार्ड एकदा नव्याने काढून घ्यायचं.